घळीवरून दिलेली हाक

ओल्या कुत्र्याला एक वास असतो. थोडा गोणपाटाचा, थोडा चिखलाचा, थोडा कुजक्या पानांचा. परवा कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला गेलो होतो. दुकानाच्या दाराशी कुणाचा तरी स्पॅनियल पावसात भिजून मालकाची वाट पाहत बसला होता. त्याने अंग झाडलं, माझ्या पँटवर शिंतोडे उडाले आणि मी दुधाची बाटली हातात धरून तिथेच उभा राहिलो. आतून दुकानदाराने विचारलं, "यू ओके, अंकल?" मी मान हलवली. माउंट वेलिंग्टन या आमच्या उपनगराच्या फुटपाथवर मी फक्त पायांनी उभा होतो. बाकीचा सगळा मी वायकाटोतल्या एका घळीच्या बांधावर होतो. धुकं उतरत होतं, खाली दोन कुत्री नाक जमिनीला लावून पळत होती, आणि माझे दोन मित्र बंदुका घेऊन माझ्या एका शब्दाची वाट पाहत होते.

त्या शब्दाबद्दलच लिहायचं आहे. ही हकिकत मी इथल्या मराठी मंडळींत पुष्कळदा सांगितली आहे. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, कुणाच्या साठीशांतीला. दर वेळी हशा मिळाला. पण मी ती अर्धीच सांगत आलो. ज्यांनी ऐकली आणि जे हसले, त्यांच्यासाठी उरलेली अर्धी आता लिहितो आहे. मी शहात्तर वर्षांचा आहे. आणखी थांबण्यात काही अर्थ नाही.

मे महिना म्हटलं की अजूनही माझ्या जिभेवर आधी आंबाच येतो. डोळ्यांसमोर मात्र आता दुसरा, इथल्या हिवाळ्याच्या तोंडावरचा मे उभा राहतो. गवताच्या पात्यांवर पहाटेचा पांढरा थर, पॉपलरची शेवटची पिवळी पानं, कापून नेलेल्या मक्याचे बोटभर खुंट आणि तोंडातून निघणारी वाफ. मेच्या पहिल्या शनिवारी इथे पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. बहुतेक लोक बदकांच्या मागे जातात आणि तळ्याकाठी बसून राहतात. आमचे लोक फेझंटवाले. फेझंटच्या मागे चालावं लागतं.

फेझंट हा कोंबडीच्याच गोतातला रानपक्षी. नर फार देखणा. तांबूस सोनेरी अंग, हिरवी-निळी चमकती मान, गळ्यात पांढरं कडं, डोळ्यांभोवती लालभडक कातडी आणि हातभर लांब शेपूट. मादी वाळक्या गवताच्या रंगाची, गवतात बसली तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. आमच्या भागातला नियम असा की फक्त नर मारायचा. मादीवर बंदूक झाडणं हा गुन्हा, आणि त्याहून जास्त लाजेची गोष्ट. म्हणून पक्षी उडाला की ज्याला नीट दिसेल त्याने ओरडून सांगायचं. नर असेल तर "कॉक!", मादी असेल तर "हेन!" हेन ऐकलं की समोरचा कितीही तयारीत असो, बंदूक खाली. हाकेवर वाद घालायचा नाही. ही शिस्त कुठल्या पुस्तकात लिहिलेली मी पाहिली नाही, पण तिच्याइतकी पक्की पाळली जाणारी दुसरी शिस्तही पाहिली नाही.

मी या देशात आलो तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. पुण्यात एका कारखान्यात तपासणी विभाग सांभाळत होतो, इथे ईस्ट टामाकीत पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तेच काम मिळालं. माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नसे. टूलरूमचा फोरमन होता कॉलिन, सगळ्यांचा कॉल. त्याच्या माणसांनी बनवलेले भाग मी नाकारायचो आणि तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. भांडायचा नाही. भिंगाखाली स्वतः बघायचा, "हं" म्हणायचा आणि भाग उचलून घेऊन जायचा. दिगंबर हे नाव कुणालाच झेपेना, तेव्हा त्यानेच माझा 'डिग' करून टाकला.

ते पहिलं वर्ष मी दुपारचा डबा गाडीत बसून खाल्ला. कुणी तसं करायला लावलं नव्हतं. कॅंटीनमध्ये जाऊन कुणाशी काय बोलावं हेच कळत नसे. एके दिवशी कॉलने काचेवर टकटक केलं.

"डिग, शनिवारी काय करतोस?"

"कपडे धुतो."

"दिवसभर?"

मी डब्याचं झाकण लावलं. तो म्हणाला, "पहाटे पाचला येतो. जाड मोजे घाल."

कॉलचं आणि माझं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. पण मला ते आठवतं मराठीत, तेव्हा तसंच लिहितो.

त्या शनिवारी गाडीत तिसरा होता रंगी, आमच्याच कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा, पहाडासारखा माओरी माणूस. जमीन त्याच्या चुलतभावाची होती. मागच्या हौद्यात दोन कुत्री. कॉलची टेस, ठिपक्यांची, सडपातळ, वास घेऊन पक्षी हुडकणारी पॉइंटर. आणि रंगीचा लठ्ठ लॅब्रेडॉर, त्याचं नाव बटर. मी बंदुकीला हात लावणार नाही हे मी गाडीत बसता बसताच सांगून टाकलं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी अंडंसुद्धा खाल्लेलं नव्हतं.

रंगी मागे वळून म्हणाला, "मग तू खातोस काय, ब्रो?"

मी बायकोने, शैलाने, दिलेला डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. रंगीने एक खाल्ली. मग चार खाल्ल्या. मग म्हणाला, "हा माणूस दर वर्षी येणार. बंदूक नसली तरी चालेल, डबा पाहिजे."

आणि मी खरंच दर वर्षी गेलो. बावीस हंगाम. मधे कुत्री बदलली, नावं नाही: टेस गेली तेव्हा तिच्याच पिल्लाचं नाव टेस ठेवलं, आणि बटरनंतरचा लॅब्रेडॉरही बटरच.

आठवतं ते तुकड्यांनी आठवतं. फाटकाची बर्फासारखी थंड साखळी. मानुकाच्या झुडपांतून जाताना अंगावर पडणारं दव. ब्लॅकबेरीच्या काट्यांनी ओरबाडलेले हात आणि थर्मासमधल्या चहाला येणारी थर्मासची चव. टेस पळता पळता एकदम थिजायची. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, सगळं अंग एका रेषेत आणि नाकपुड्या तेवढ्या थरथरत असायच्या. त्या क्षणी आम्ही तिघेही श्वास धरायचो. नंतर मग पंखांचा तो फडफडाट, जमीनच फुटून वर आल्यासारखा. बावीस वर्षांत एकदाही मी त्याला दचकलो नाही असं झालं नाही. दुपारी रंगी घोरायचा, बटर त्याच्या पोटावर डोकं ठेवून घोरायचा. कॉल टेसच्या पंजातले काटे काढत बसायचा. काम करताना तो तिच्याशी जे बोलायचा ते इतक्या हळू, की ते ऐकणं बरं नव्हे असं वाटून मी उठून लांब जायचो.

पुण्यात माझी आई गेली ती मे महिन्यातच. विमानाचं तिकीट मिळून पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार होतं, भावानेच फोनवर सांगितलं, येऊ नकोस. कॉलला कुणीतरी कळवलं असावं. तो सकाळी दाराशी आला, बरोबर बंदूक नव्हती, फक्त टेस होती. आम्ही त्या रानात सहा तास चाललो. ओढ्याशी आल्यावर मी बूट काढून पाण्यात उतरलो आणि ओंजळीने पाणी सोडलं. तो पाठ करून उभा राहिला, आणि टेस पाण्यात येऊन माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. माझ्या आईचं जे काही या देशात झालं ते एवढंच. याहून नीट काही झालं असतं असं मला कधी वाटलं नाही.

हाक देण्याचं काम माझ्याकडे आलं ते घळीमुळे. मक्याच्या शेताच्या कडेने एक अरुंद घळ होती, नेच्याने आणि काटेरी जाळ्यांनी भरलेली, आणि फेझंट तिथेच दबून बसायचे. वारा समोरून असला तर कुत्र्याला वास मिळतो, आणि सकाळी त्या घळीत वारा पूर्वेकडून यायचा. म्हणजे कॉलला उगवत्या सूर्याकडे तोंड करूनच चालावं लागे. उडालेला पक्षी त्याला काळ्या सावलीसारखा दिसे. मी बाजूच्या उंच बांधावर, नारिंगी जाकीट घालून, उजेड माझ्या पाठीशी. मला पीसन् पीस दिसायचं.

"कारखान्यात माझा माल नाकारतोस ना," कॉल म्हणाला होता, "आता इथेही तूच तपास. तू म्हणशील ते खरं."

दहा-बारा वर्षं मी चोख काम केलं. माझ्या शब्दावर पक्षी पडले, मी ते हातात घेतले नाहीत, खाल्ले नाहीत, पण शब्द खरा दिला. मग एका सकाळी एक नर अगदी माझ्या पायाखालून उठला. मान उजेडात आली आणि ती हिरवी, निळी, मग जांभळी झाली. मी त्याच्या डोळ्यात पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "हेन!"

कॉलने बंदूक खाली केली. पक्षी मक्यावरून तरंगत पलीकडच्या पाइनमध्ये गेला. कुणालाच काही कळलं नाही.

घरी येऊन मी शैलाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "पुण्य केलंत हो. चित्रगुप्ताला कळवा, इंग्रजीत नोंद घ्यायला सांगा." आम्ही दोघं खूप हसलो. त्यानंतर दर हंगामात एखादा नर मी असा सोडवू लागलो. कधी दोन. हीच ती गोष्ट, जी मी गणपतीत सांगायचो. दोन गोऱ्यांच्या बंदुका एका शब्दाने खाली आणणारा सदाशिव पेठेतला माणूस. रंगी गोरा नाही, पण गोष्टीत तो गोरा व्हायचा, कारण तशी ती जास्त रंगायची.

आता उरलेली अर्धी.

सहा वर्षांपूर्वीचा हंगाम. रंगी त्या दिवशी टेकडीच्या पलीकडे गेला होता. दुसरी टेसही म्हातारी झाली होती, तरी तिने घळीच्या टोकाशी पक्षी हेरला. नर उडाला तो ओरडत उडाला. नर उडताना बहुतेक वेळा कर्कश ओरडतो, मादी सहसा मुकाट जाते. त्याची शेपूट सूर्यावर काळी, लांब, स्पष्ट दिसली असणार. मी म्हणालो, "हेन!"

कॉलची बंदूक खाली आली, पण तो जागचा हलला नाही. पक्षी गेला त्या दिशेने किती तरी वेळ बघत राहिला.

परतताना रंगीची गाडी पुढे होती, मी कॉलच्या गाडीत होतो. त्याने काचेवरची वाफ पुसली. मग म्हणाला, "डिग, एक विचारतो. खरं सांग. शेवटची ती हेनच होती?"

मी म्हणालो, "हो."

घळीतली हाक एखाद्याने समजून घेतली असती. पक्ष्याची दया आली, जीभ घसरली. गाडीतल्या त्या 'हो'ला असं काहीही कारण नव्हतं. मित्राने सरळ विचारलं होतं आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो. तीस-पस्तीस वर्षं माझ्या सहीवर माल बाहेर गेला होता. माझा शब्द खोटा होता हे मला माझ्याच तोंडाने म्हणता येईना. आणि भीतीही होती. हे कळलं तर हे लोक पुन्हा मला बोलावणार नाहीत, मी पुन्हा गाडीत एकटा डबा खात बसेन.

कॉल रस्त्याकडे बघत म्हणाला, "मला शेपूट दिसली. एवढी लांब. ओरडही ऐकली. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, याच वयात. त्यांना गोठ्यात घोडे दिसायचे. घोडे विकून वीस वर्षं झाली होती."

मी काय बोललो? "होतं असं कधी कधी. सूर्य डोळ्यांवर होता." एवढं बोललो.

पुढच्या आठवड्यात त्याने बंदूक रंगीकडे नेऊन त्याच्या तिजोरीत ठेवली. ज्याला नाही ते दिसतं त्याने बंदूक धरू नये, एवढंच म्हणाला. रंगी म्हणाला, अरे डोळे तपासून घे. त्याने तपासून घेतले. डोळे उत्तम होते. त्यामुळे तर त्याची खात्रीच पटली की बिघाड डोळ्यांत नाही, डोक्यात आहे. त्या हिवाळ्यात टेस गेली, आणि त्याने दुसरं कुत्रं घेतलं नाही.

आणि मी? मला आत कुठेतरी बरंच वाटलं, हेही लिहितो. आता बांधावर उभं राहून कुणाचा जीव ठरवायला नको. आम्ही भेटत राहिलो, चहा, वाढदिवस, बागेतले टोमॅटो. त्याबद्दल कधी बोललो नाही. गणपतीत मी गोष्ट सांगत राहिलो आणि ती घळीतल्या पहिल्या नराशी संपवत राहिलो.

या वर्षी मार्च महिन्यात एका रविवारी शैला आणि मी कॉलकडे चहाला गेलो होतो. त्याची बायको शर्ली बागेत होती. मी कप आणायला स्वयंपाकघरात गेलो. कपाटाच्या प्रत्येक दारावर चिठ्ठी लावलेली होती. कॉल टूलरूममध्ये हत्यारांवर नावं घालायचा त्याच कोरीव अक्षरात. कप. चहा. साखर. शेगडीवर: बंद केलीस का? मागच्या दारावर: किल्ली डाव्या खिशात.

शर्ली मागून आली. म्हणाली, "तू पाहिलं नव्हतंस का? वर्षानुवर्षं चाललंय. पूर्वी तुम्ही यायच्या आधी काढून ठेवायचा, आता कंटाळा करतो. पुढे लागतील म्हणून आतापासून लावतोय म्हणे."

"पण त्याला झालंय काय?"

"काही नाही! डॉक्टरांनी तीनदा तपासलं. चौथ्यांदा गेला तर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. हा म्हणतो, डॉक्टरला काय कळतंय, त्या दिवशी घळीत मला काय दिसलं ते त्याने कुठे पाहिलंय? नातवंडांना सहा वर्षांत एकदाही गाडीत बसवलं नाही याने. रस्ता विसरलो तर, म्हणतो."

मी कप खाली ठेवले.

परतताना शैला गाडी चालवत होती. म्हणाली, "अहो, घळीत काय दिसलं होतं त्याला?"

मी सांगितलं. शेवटचा नर, गाडीतला प्रश्न, माझा 'हो'. मोटरवेवर येऊन तिने गाडी डाव्या रांगेत घेतली. मग म्हणाली, "आणि आम्ही सगळे गणपतीत हसत होतो."

"मला धीर झाला नाही, शैला."

"उद्या सकाळी जा. डबा देणार नाही. पुऱ्यांच्या आड लपू नका."

कॉल गॅरेजमध्ये गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता. मी दारातूनच म्हणालो, कारण आत गेलो असतो तर दुसरंच काही बोललो असतो. "कॉल, तो कॉक होता."

"कुठला?"

"घळीतला. शेवटचा. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

त्याने पाना खाली ठेवला. हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं. "शेपूट लांब होती?"

"होती."

"ओरडला होता?"

"ओरडला होता."

"म्हणजे मी बरोबर पाहिलं."

"तू सगळं बरोबर पाहिलंस. त्याआधीचेही कितीतरी. मला ते मरायला नको होते, म्हणून मी हेन म्हणत होतो."

तो एका खोक्यावर बसला. त्याचं तोंड हसण्यासारखं झालं आणि मी मूर्खासारखा हसायला तयार झालो. पण तो हसत नव्हता. "सहा वर्षं, डिग," तो म्हणाला. "सहा वर्षं मी रोज सकाळी उठून आधी पंतप्रधानाचं नाव आठवून बघतो. मग माझ्या मुलींची नावं. मग अंथरुणातून उठतो."

मी माफी मागितली. ती त्या गॅरेजमध्ये कुठे तरी पडून राहिली.

"घरी जा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "आत्ता जा."

शर्लीने दुसऱ्या दिवशी शैलाला फोनवर सांगितलं की त्याच दुपारी त्याने सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. साखरेची तेवढी ठेवली. ती शर्लीला लागते म्हणाला. शनिवारी त्याने नातवंडांना गाडीत घालून समुद्रावर नेलं आणि तिघांनाही घेऊन वाळूने माखून परत आला. हे सांगताना शर्ली रडत होती. मला तिने फोनवर बोलावलं नाही.

एप्रिल महिना तसाच गेला. फोनची घंटा वाजली की शैला माझ्याकडे बघायची आणि मी भिंतीकडे. मी स्वतःला समजावत होतो की हेच योग्य आहे. माणसाला त्याचं डोकं परत मिळालं, त्या बदल्यात माझा मित्र गेला तर तक्रार कसली? पण रोज सकाळी मी जाड मोज्यांचा कप्पा उघडायचो आणि बंद करायचो.

महिनाअखेरीला रंगीचा फोन आला. "कि ओरा, डिग. तू म्हणे मोठा खोटारडा निघालास."

"हो."

"स्वीट ॲज, चालायचंच. शनिवारी पहाटे साडेचारला तयार राहा. कॉल म्हणतो, बांधावर दुसरा कुणी नको."

"त्याने माफ केलं मला?"

"छे! हीप्स, ढीगभर चिडलाय अजून. तू मागच्या सीटवर बसायचं आहे."

मी मागच्या सीटवर बसलो. दुसरा बटर जाऊनही दोन वर्षं झाली, आता रंगीकडे पिपी नावाची एक तरतरीत स्पॅनियल आहे. ती वाटभर माझ्या मांडीवर पाय ठेवून उभी होती. कॉल वळला नाही. फाटकाशी उतरल्यावर त्याने नारिंगी जाकीट माझ्या हातात दिलं. महिन्याभरात प्रथमच माझ्याकडे पाहिलं.

"कॉक दिसला तर काय म्हणशील?"

"कॉक."

"मी मारीन त्याला."

"माहीत आहे."

"मग चढ वर."

शहात्तराव्या वर्षी तो बांध जास्त उंच झाला होता. मी नेच्याला धरून चढलो. खाली धुक्यात कॉल लहान दिसत होता. खांदे थोडे पुढे आलेले, पण पाऊल तेच, टाच आधी न टेकवता हळू पडणारं. त्याच्या पुढे पिपी जाळीत शिरत होती, बाहेर येत होती. सूर्य वर आला. मला एकाएकी जाणवलं की मला हे पुन्हा मिळालं आहे. ही थंडी, पाठीवरचा हा उजेड, खालची ही माणसं. मी मागितलं नव्हतं, मागायचा हक्कही घालवून बसलो होतो, तरी कुणीतरी पहाटे उठून मला गाडीत घालून इथे आणलं होतं.

पहिला उडाला तो नर. माझ्याकडे वळला आणि मान उजेडात आली. तीच हिरवी, तीच निळी. तेवढ्या वेळात एखादा माणूस काय काय विचार करू शकतो हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मी म्हणालो, "कॉक!"

एकच बार झाला. पक्षी पडला. माझ्या शब्दाने पडला, ते सजवून सांगण्यात अर्थ नाही. मला वाईट वाटलं. आणि त्याच्याच खाली, त्याला चिकटून, हलकंही वाटलं. पिपीने तो तोंडात धरून कॉलकडे नेला. त्याने वर पाहून हात उंचावला नाही की काही म्हणाला नाही. पक्षी पिशवीत ठेवला, नवा बार भरला आणि चालू लागला.

घळीच्या टोकाशी दुसरा पक्षी उठला. सरळ सूर्यात. खालून तो फक्त एक काळा आकार दिसत असणार, शेपटीचा अंदाज न येणारा. मी वरून पाहिलं. वाळक्या गवताचा रंग, मुकाट उडणारी. ती खरोखर मादी होती, आणि मला तोच शब्द उच्चारायचा होता ज्याने मी या माणसाची सहा वर्षं घेतली होती. त्याच घळीत, त्याच बांधावरून. त्याने तो का मानावा?

"हेन!" मी ओरडलो.

शब्द माझ्या तोंडातून पुरता निघाला नसेल, तोवर कॉलची बंदूक खाली आली होती.